कोपऱ्यावरचं घड्याळ आणि आतला तलाव

आमच्या पिट्सबर्गमध्ये स्क्विरल हिल नावाचा भाग आहे. तिथे फोर्ब्ज आणि मरे ह्या दोन रस्त्यांच्या चौकात एक घड्याळ आहे. त्यावर आकडे नाहीत, हिब्रू अक्षरं आहेत. एकच्या जागी आलेफ, दोनच्या जागी बेत, दहाला योद, अकराला योद-आलेफ. मी ह्या गावात १९९० साली आले आणि पुढची चोवीस वर्षं त्या घड्याळाखालून भाजीच्या पिशव्या घेऊन जात राहिले. वेळ बरोबर कळायची. काटे कुठे आहेत ते दिसलं की झालं, अक्षरं वाचता यायलाच पाहिजेत असं काही नाही. पण घड्याळ ज्या इमारतीवर आहे ती आतून कशी आहे हे मात्र कधी डोकावून पाहिलं नव्हतं. ‘ज्यूइश कम्युनिटी सेंटर’ अशी पाटी. म्हणजे त्यांचं काहीतरी असणार. आपलं तिथे काय काम?

आत जायची वेळ आली ती गुडघ्यांमुळे.

२०१३ च्या थंडीत हे गेले. मुलगी दूर कॅलिफोर्नियात. लायब्ररीतली नोकरी होती, पण घरी आल्यावर जिना चढायचासुद्धा कंटाळा यायला लागला. आधी वाटलं मनाचं दुखणं आहे, मग कळलं की गुडघ्यांचंही आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चालणं राहू दे. पाण्यात व्यायाम करा, वजन गुडघ्यांवर येत नाही.” घरापासून चालत जाता येईल असा तलाव एकच होता, त्या घड्याळाच्या इमारतीतला.

काउंटरवर एक कॉलेजातली पोरगी बसली होती. मी घरून वाक्य तयार करून गेले होते. “मी ज्यू नाही. चालेल का?”

ती गोंधळली. बहुतेक हा प्रश्न तिच्या फॉर्मवर नव्हता. मग तिने विचारलं, “तुम्हाला पोहता येतं का?”

“नाही.”

“मग दोरीच्या पलीकडे जाऊ नका,” एवढं म्हणून तिने मला सही करायला कागद दिला.

झालं. मी सभासद झाले! वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, अलिबागसारख्या समुद्रकाठच्या गावात जन्मून पोहता न येणारी मी. (माझा भाऊ पाठीला डबा बांधून विहिरीत उतरला आणि आठ दिवसांत मासा झाला. मी काठावर बसून त्याचे कपडे सांभाळले. मुलींनी काय करायचंय पोहून, हा त्या काळचा एकूण विचार.)

घरी येताना तिचं ते वाक्य डोक्यात घोळत होतं. एखाद्या दारात आपल्याला काय विचारतात त्यावरून ते दार कसं आहे ते कळतं. मग लायब्ररीवालीची खोड, हे दार मुळात बांधलं कोणी आणि का, हे शोधून वाचायला लागले. वाचता वाचता जे हाती लागलं ते आज सांगते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

ह्या केंद्रांचे पूर्वज म्हणजे तरुणांची वाचनमंडळं. १८४४ साली लंडनमध्ये ख्रिस्ती तरुणांची वायएमसीए निघाली आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेत पोचली. तिच्याच आगेमागे, १८५४ मध्ये, बाल्टिमोरच्या ज्यू तरुणांनी आपलं एक साहित्यमंडळ काढलं. १८७४ मध्ये न्यूयॉर्कला ‘यंग मेन्स हिब्रू असोसिएशन’ स्थापन झाली. तीच आज ‘९२ नंबर रस्त्यावरचा वाय’ म्हणून प्रसिद्ध आहे. सुरुवातीचं काम म्हणजे वर्तमानपत्रं, पुस्तकं, वादविवाद, व्याख्यानं. आपल्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांची आठवण व्हावी असं. बायकांना आपली वेगळी संस्था न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली मिळाली.

पण ह्या वाचनमंडळांचं रूप बदललं ते रशियातल्या घटनांमुळे. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्याचं खापर ज्यूंवर फुटलं. दंगली झाल्या, जाचक कायदे आले, आणि माणसं निघाली. तेव्हापासून १९२४ मध्ये अमेरिकेने कायदा करून दार जवळजवळ बंद करेपर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत आले. यिडिश बोलणारे, शिंपीकाम नाहीतर फेरीचा धंदा करणारे, एकेका खोलीत सात-आठ जण राहणारे.

पिट्सबर्गला आलेले हे लोक शहराच्या मध्याजवळच्या ‘हिल डिस्ट्रिक्ट’मध्ये राहिले. तिथे १८९५ साली ज्यू बायकांच्या एका परिषदेने त्यांच्यासाठी शाळा काढली. पुढे हेन्री कॉफमन ह्या दुकानदाराने मोठी देणगी दिली आणि संस्थेला त्याच्या दिवंगत मुलीचं, आयरीनचं, नाव मिळालं. आयरीन कॉफमन सेटलमेंट. इंग्रजीचे वर्ग, शिवणकाम, लहान मुलांसाठी निर्जंतुक दूध, खेळ, नाटकं असं सगळं तिथे चाले.

चालवणारे होते आधी आलेले, स्थिरावलेले, जर्मन वळणाचे ज्यू. त्यांची मदत खरी होती, पण तिच्यात थोडी लाजही होती. थोरल्या जावेने नव्या सुनेला घरचे रीतिरिवाज शिकवावेत, माया म्हणून आणि चारचौघांत आपलं हसं होऊ नये म्हणूनही, तसं काहीसं. कपडे असे घाला, मोठ्याने बोलू नका, यिडिश जरा कमी बोला. हे वाचताना मला आपलीच मंडळी आठवली. आधी आलेले देशी नंतर आलेल्या देशींकडे कसे बघतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता हे सगळं वाचन-शिवणकाम सोडून तलाव कुठून आला? ह्याचं उत्तर मला पाण्यातच मिळालं.

आमच्या वर्गात आम्ही नऊ-दहा जणी असतो. फोमचे लांब ‘नूडल’ काखेत धरून पाय हलवायचे, असा व्यायाम. त्यातल्या तिघींशी माझी गट्टी जमली. एक निवृत्त शाळामास्तरीण, वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर. एक दंतवैद्यबाई. आणि तिसरी लाल टोपीवाली, जिने आयुष्यभर फोर्ब्ज रस्त्यावर चपला-बुटांच्या दुकानात काम केलं. मास्तरीणबाई वर्गात मोठ्याने आकडे मोजत, शिकवणारी मुलगी मोजत असली तरी. त्यांना राहवायचंच नाही. मला पोहता येत नाही हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “तुझ्या वडिलांनी त्यांचं काम अर्धवट ठेवलं.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांच्या तालमूदमध्ये बापाने मुलासाठी काय काय करायचं ह्याची यादी आहे. धर्म शिकवायचा, लग्न लावायचं, धंदा शिकवायचा. आणि काही आचार्यांच्या मते पोहायला शिकवायचं. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही चर्चा. ज्यांना कधी कुठून निघावं लागेल ह्याचा भरवसा नाही, त्यांच्या यादीत पोहणं असणारच, असं मास्तरीणबाईंचं म्हणणं.

तरी एकोणिसाव्या शतकातला युरोपातला ज्यू म्हटलं की लोकांना पुस्तकात वाकलेला, फिकट, खोकणारा माणूसच दिसायचा. काही ज्यूंनाही तसंच वाटे. १८९८ मध्ये बाझेलला दुसरी झायोनिस्ट परिषद भरली. तिथे माक्स नॉर्डाऊ ह्या डॉक्टर-लेखकाने ‘स्नायूंच्या ज्यूधर्मा’ची कल्पना मांडली. शरीर कमवा, पाठ ताठ करा. त्याच वर्षी बर्लिनमध्ये ‘बार कोखबा’ नावाचा ज्यू व्यायामसंघ निघाला. १९०९ मध्ये व्हिएन्नात ‘हाकोआह’ निघाला, ज्याचा अर्थच ‘बळ’. त्याच्या फुटबॉल संघाने १९२५ मध्ये ऑस्ट्रियाचं अजिंक्यपद जिंकलं. आपल्याकडे ह्याच सुमाराला तालमी आणि आखाडे देशकार्याचा भाग झाले होते. ज्यांना दुबळे म्हणून हिणवलं जातं ते आधी दंड-बैठकांकडे वळतात, असं दिसतं.

अमेरिकेत ह्या सगळ्याने बास्केटबॉलचं रूप घेतलं. हा खेळ १८९१ साली वायएमसीएच्या शिक्षकाने शोधला. मैदान लागत नाही, गवत लागत नाही, एक चेंडू आणि एक टोपली. गरीब वस्तीला आणखी काय हवं? ज्यू संस्थांच्या व्यायामशाळांमधून एकापेक्षा एक खेळाडू तयार झाले. फिलाडेल्फियाच्या ‘साउथ फिलाडेल्फिया हिब्रू असोसिएशन’चा संघ नंतर ‘स्फाज’ नावाने गाजला. त्यांच्या बनियनवर हिब्रू अक्षरं होती. शनिवारी रात्री ब्रॉडवूड हॉटेलच्या नाचघरात त्यांचे सामने होत आणि सामना संपला की त्याच फरशीवर नाच. किती लग्नं तिथे जुळली असतील! पुढे ज्याची एनबीए झाली त्या स्पर्धेचा पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ ला टोरंटोत झाला. त्यात पहिली टोपली केली ती ओसी शेक्टमन ह्या न्यूयॉर्कच्या ज्यू खेळाडूने. तरीही १९३० च्या दशकातले काही क्रीडापत्रकार लिहीत की हा लबाडीचा खेळ असल्यामुळे ज्यूंना जमतो. घाम गाळला तरी श्रेय चलाखीला! असो.

तलाव आणि प्रार्थना एका छपराखाली आणायचं श्रेय मात्र बरंचसं रब्बाय मॉर्डेकाय कॅप्लन ह्यांना जातं. त्यांचं म्हणणं असं की ज्यू असणं म्हणजे नुसता धर्म नव्हे, ती एक संस्कृती आहे. त्यात गाणं, भाषा, जेवण, खेळ सगळंच आलं. मग माणसाने फक्त प्रार्थनेपुरतंच का एकत्र यावं? पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला न्यूयॉर्कच्या ८६ नंबर रस्त्यावर ‘द ज्यूइश सेंटर’ उभं राहिलं. त्यात प्रार्थनागृहाबरोबर व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव होता. कॅप्लन तिथले पहिले रब्बाय. मतभेद होऊन ते १९२२ मध्ये बाहेर पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी आपल्या मुलीची, जूडिथची, ‘बात मित्झवा’ केली. मुलग्यांचा विधी मुलीसाठी, अमेरिकेत पहिल्यांदाच असं मानतात. अशा इमारतींना लोक गमतीने ‘शूल विथ अ पूल’ म्हणायला लागले. शूल म्हणजे यिडिशमध्ये सिनेगॉग. आपल्या पोटात उठतो तो नव्हे! मास्तरीणबाईंना मी आपला शूल समजावून सांगितला तेव्हा त्या इतक्या हसल्या की नूडल हातातून सुटला. म्हणाल्या, “दोन्ही एकच. बसून बसून येतो.”

महायुद्धाने आणखी एक गोष्ट केली. १९१७ मध्ये ज्यू सैनिकांची सोय बघायला ‘ज्यूइश वेल्फेअर बोर्ड’ निघालं. युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, गावोगावच्या हिब्रू असोसिएशनांची जबाबदारी त्याने घेतली. आजची देशभरची कम्युनिटी सेंटरं ह्याच छत्रीखालची. पिट्सबर्गमध्ये १९२० च्या दशकात बेलफील्ड रस्त्यावर ‘हिब्रू असोसिएशन’ची मोठी इमारत झाली. सभागृह, व्यायामशाळा, तलाव. तीच आता पिट विद्यापीठाची बेलफील्ड हॉल. हे वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. माझा ग्रंथालयशास्त्राचा वर्ग त्याच रस्त्यावर होता! दोन वर्षं मी त्या इमारतीसमोरून गेले. ती कोणाची होती हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता थोडं कडू.

ह्या इमारती नुसत्या हौसेने बांधल्या नव्हत्या. बऱ्याच क्लबांमध्ये, हॉटेलांमध्ये ज्यूंना प्रवेश नव्हता. १९२० च्या दशकात हार्वर्डसारखी विद्यापीठंसुद्धा त्यांची संख्या आटोक्यात ठेवायच्या मागे होती. जिथे घेत नाहीत तिथे ताटकळत उभं राहण्यापेक्षा आपलं बांधावं, असा तो हिशेब. हे आपल्याला नवीन नाही. मुंबईत १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना झाला तो गोऱ्यांपुरता. मग १८८५ मध्ये पारशी जिमखाना, १८९२ मध्ये इस्लाम जिमखाना, १८९४ मध्ये हिंदू जिमखाना. मरीन लाइन्सला समुद्राकडे तोंड करून ते अजून उभे आहेत. पण बाहेर ठेवलेल्याने आपलं घर बांधलं म्हणजे त्याचं दार सगळ्यांना उघडं असतं असं नाही. पळवणकर बाळू हे त्या काळचे हिंदूंचे सर्वांत मोठे गोलंदाज. पुण्यात त्यांच्याच संघातले लोक त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. बळी घ्यायला बाळू चालत, कपबशीला चालत नसत.

आणि पाण्याचं तर विचारूच नका. १९३१ च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गच्या हायलँड पार्कमध्ये महापालिकेचा भला मोठा तलाव उघडला. माझ्या घरापासून तो फार लांब नाही. सुरुवातीला दारात कृष्णवर्णीयांकडे, आणि फक्त त्यांच्याचकडे, आरोग्याचे दाखले मागितले. त्यानंतर जे पाण्यात उतरले त्यांना गोऱ्यांनी मारहाण केली, पाण्यात बुडवलं. ते वाचताना मला चार वर्षं आधीचं महाड आठवलं. २० मार्च १९२७, चवदार तळं. अलिबाग आणि महाड एकाच जिल्ह्यातले, त्या वेळच्या कुलाब्यातले. समुद्र ओलांडून आले तरी प्रश्न तोच. पाण्यात कोणी उतरायचं?

हिल डिस्ट्रिक्टचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यू कुटुंबांची परिस्थिती सुधारली तशी ती स्क्विरल हिलला येत गेली. मागे राहिली ती बहुतांशी कृष्णवर्णीय वस्ती. १९५६ पासून शहर-सुधारणेच्या नावाखाली तिचा खालचा भाग पाडला गेला आणि सुमारे आठ हजार माणसं उठवली गेली. तिथे मोठं क्रीडागृह झालं. लाल टोपीवालीचा जन्म त्याच वस्तीतला. ती म्हणते, “आम्हाला टेकडी चढून इथे येता आलं. माझ्या शेजारणीला कोणी इथे घर विकलं नसतं.” आमच्या वर्गात ह्या विषयावर पाच मिनिटं कोणी बोललं नाही. नुसते पाय हलवत राहिलो.

म्हणून मला काउंटरवरच्या त्या पोरीचा प्रश्न मोठा वाटतो. ज्यांना दाखले मागितले गेले त्यांनी दार बांधलं, आणि त्या दारात दाखला मागत नाहीत. आज अशा बहुतेक केंद्रांचं सभासदत्व कोणालाही घेता येतं. हे आपोआप झालेलं नाही. कोणीतरी कधीतरी बसून तसं ठरवलं असणार.

मैत्रीचं म्हणाल तर ती लॉकर रूममध्ये होते. सुरुवातीला मी टॉवेलच्या आत कपडे बदलायची सर्कस करायचे. तिथल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या बायका मात्र शस्त्रक्रियांचे व्रण घेऊन बिनधास्त उभ्या, सुनांबद्दल बोलताहेत. महिन्याभरात माझीही सर्कस संपली.

एक दिवस दंतवैद्यबाईंनी विचारलं, “भारतात ज्यू आहेत का गं?”

मग मी सुरू झाले! आमच्या अलिबागची इस्राएल आळी. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली ही बेने इस्राएलींची कथा. तेलाचे घाणे, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव. नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आमच्याच गावांची आडनावं. १७९६ मध्ये मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी बांधलेलं पहिलं सिनेगॉग. मराठी बोलणारे, मराठीत कीर्तन करणारे ज्यू. बाबांच्या शाळेतले एक मास्तर त्या आळीतले. साठच्या दशकात ते सहकुटुंब इस्राएलला गेले. जाताना आपली सायकल बाबांना देऊन गेले. बाबांनी ती वीस वर्षं चालवली आणि शेवटपर्यंत तिला ‘मास्तरांची सायकल’च म्हणत.

तिघी पाण्यात उभ्या राहून ऐकत होत्या. मास्तरीणबाईंनी मोजायचंसुद्धा सोडलं.

पुढच्या रविवारी तिघींना घरी बोलावलं आणि मलिदा केला. बेने इस्राएल लोक एलियाहू हन्नबीच्या नावाने करतात तो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, सुका मेवा, वर फळं. विधी नाही हं, नुसता खाऊ म्हणून. मास्तरीणबाई कोशर पाळणाऱ्या. त्या माझ्या भांड्यातलं खाऊ शकत नव्हत्या. कागदी बशीत अख्खं केळं आणि संत्रं घेऊन बसल्या आणि संकोचून माफी मागायला लागल्या. मी म्हटलं, “अहो, माझी आजी सोवळ्यात असताना आम्ही नातवंडंसुद्धा तिला शिवू शकत नव्हतो. मला ह्याचं काय नवल?” आत्याला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे तू पोहायला शिकायला गेलीस आणि पोहे खिलवून आलीस!”

मग ते दिवस आले.

२०१७ च्या सुरुवातीला देशभरच्या ज्यू केंद्रांना बॉम्बच्या धमक्यांचे फोन येऊ लागले. तीन महिन्यांत शंभराहून जास्त. बालवाडीतली पोरं थंडीत बाहेर काढावी लागत. मार्चमध्ये त्यातल्या बहुतेक फोनांबद्दल इस्राएलमधल्या एका तरुणाला अटक झाली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

आणि २७ ऑक्टोबर २०१८. शनिवार. सकाळी पाऊस होता. साडेनऊ-दहाच्या सुमाराला सायरन सुरू झाले आणि थांबेचनात. विल्किन्स रस्त्यावरच्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये, जिथे तीन मंडळ्या प्रार्थनेला जमायच्या, एक बंदूकधारी शिरला होता. अकरा माणसं मारली गेली. त्यातल्या सर्वांत वयस्क बाई ९७ वर्षांच्या होत्या. आपलं माणूस कुठे आहे, कसं आहे, ह्याची वाट बघत नातेवाईक बसले ते आमच्या ह्याच इमारतीत. त्या संध्याकाळी शाळकरी मुलांनी बोलावलं आणि चौकात हजारो माणसं जमली. मीही गेले. छत्र्या, मेणबत्त्या, समोर चर्च, बाजूला लायब्ररी, आणि वर ते घड्याळ. मुंबईत दहा वर्षांपूर्वी नरिमन हाउसमध्ये जे झालं ते मी इथे बसून टीव्हीवर पाहिलं होतं. ह्या वेळी ते माझ्या भाजीच्या रस्त्यावर होतं.

वर्ग पुन्हा सुरू झाला त्या सकाळी मी दाराशी घुटमळले. आता पहारा होता, पिशवी बघत होते. मनात आलं, ह्यांच्या दुःखात आपण आज कशाला? आज तरी त्यांना त्यांचं असू दे. तेवढ्यात लाल टोपीवाली मागून आली आणि काही न बोलता माझ्या दंडाला धरून आत घेऊन गेली.

मास्तरीणबाईंची एक जुनी ओळखीची बाई त्यात गेली होती. त्या पाण्यात उतरल्या, पण हलेनात. शिकवणाऱ्या मुलीने गाणं लावलं नव्हतं. सगळ्या नुसत्या उभ्या. मास्तरीणबाई मला म्हणाल्या, “आज मला मोजायचं नाही. तू मोज.”

मी मोजायला लागले. इतकी वर्षं इथे राहूनही मोजणं आपोआप मराठीतच होतं. एक, दोन, तीन, चार. आठपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं आणि थांबले. त्या म्हणाल्या, “चालू दे. तेच मोज.” मग नऊ, दहा. बाकीच्यांचे पाय हळूहळू हलायला लागले. त्या दिवशी आम्ही अर्धा तास मराठीत व्यायाम केला. कोणाला एक शब्द कळत नव्हता, आणि कोणी चुकलंही नाही.

पुढे २०१९ मध्ये त्या इमारतीतच आघात सोसलेल्यांसाठी, ज्यू असोत नसोत, एक केंद्र सुरू झालं. २०२३ मध्ये खटल्याचा निकाल लागला आणि मारेकऱ्याला मृत्युदंड सुनावला. पहारा मात्र आहे. मी आता सवयीने पिशवी उघडून धरते. ज्या जागेने मला काही विचारलं नाही तिला स्वतःच्याच दारात माणूस उभा करावा लागतो, हे मला अजून खुपतं. पण सभासदत्वाचा नियम त्यांनी बदलला नाही. भिऊन दार लावून घेतलं असतं तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी पहारेकरी ठेवला आणि दार उघडं ठेवलं.

मास्तरीणबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा शिवा, म्हणजे सात दिवसांचं त्यांचं सुतक, त्यात मी रोज संध्याकाळी जाऊन बसले. जाताना काय न्यायचं हे मला आता ठाऊक आहे. अख्खी फळं.

गेल्या गणपतीला मी मंडळाच्या कार्यक्रमाला दंतवैद्यबाई आणि लाल टोपीवालीला घेऊन गेले. भाड्याचा हॉल, आरती, वरण-भात, पोरांची नाटुकली. सगळं छान. पण दारात नावं लिहून घेणाऱ्या आपल्या मुलाने मला हळूच विचारलं, “काकू, ह्या कोण?” त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडे तसा प्रश्न येतोच. मी म्हटलं, “माझ्या पोहण्याच्या मैत्रिणी आहेत. जेवून जातील.” त्याने दोन पानं वाढवली.

आणि हो, सांगायचं राहिलंच. मला पोहता येतं! चौसष्टाव्या वर्षी दोरीच्या पलीकडे गेले. फार काही नाही, एक फेरी, मध्ये दोनदा काठ धरून. मास्तरीणबाई तेव्हा काठावर उभ्या होत्या. मी बाहेर आल्यावर म्हणाल्या, “चला, तुझ्या वडिलांचं राहिलेलं काम झालं.”

उद्या सकाळी नऊला वर्ग आहे. योद-आलेफ वाजेपर्यंत घरी येईन. फोन करायचा असेल तर त्यानंतर करा.